मित्राच्या वडिलांच्या आठवणी: काय जपावं, कुणाला काय विचारावं, कसं लिहावं? (एका मंचावरची प्रश्नोत्तरं. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहाण

मित्राचे वडील नुकतेच गेले. काका टर्नर होते, सगळी हयात लेथवर, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर गेली. अतिशय मायाळू माणूस. हाताखाली आलेल्या पोरांना हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. मित्र, त्याची बहीण आणि काकू यांच्यासाठी आठवणींची एक छोटी पुस्तिका करावी, असं आम्हा मित्रमंडळींच्या मनात आहे. घरच्यांची परवानगी आहे, पण मित्राला सध्या यात फार ओढायचं नाही.

हाताशी आहे ते असं: काकांचा अँड्रॉइड फोन आणि त्यातले त्यांच्या आवाजातले व्हॉइस मेसेज. चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो. मापं आणि हिशेब लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली खिशातली वही. मायक्रोमीटर, व्हर्निअर ही बारीक माप घ्यायची साधनं आणि त्यांनी स्वतः धार लावलेली टूल्स.

आधी कशाला हात घालावा? बरोबर काम केलेल्यांकडून आठवणी कशा काढाव्यात? ‘देवमाणूस होते’ म्हणून सगळे तिथंच थांबतात. आणि लिहिताना शोकसंदेशाची ठरीव भाषा कशी टाळावी?

ध्वनिफीत

आधी फोन. वही आणि फोटो आणखी वर्षभर थांबतील, फोन थांबणार नाही.

सिम काढू नका, फोन ‘रीसेट’ करू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका. आताच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो, त्यामुळे रीसेट झालेल्या फोनमधून आवाज परत मिळत नाही. स्क्रीनचा पिन माहीत नसेल तर अंदाजाने आकडे टाकत बसू नका. काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सोय चालू असते. बॅटरी अर्ध्याच्या आसपास भरलेली ठेवा, पूर्ण उतरवून महिनोन्महिने कपाटात टाकू नका. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका, दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर पहिल्यांदा बघायचं ते ‘गायब होणारे मेसेज’ ही सोय घरच्यांच्या चॅटवर चालू आहे का. २४ तास, ७ दिवस आणि ९० दिवस असे तीन पर्याय असतात. चालू असेल तर आजच बंद करा. आधी आलेल्या मेसेजना जुनीच मुदत लागू राहते, म्हणून ते तातडीने बाहेर काढा. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपचं खातं १२० दिवस इंटरनेटला जोडलं गेलं नाही तर ते बंद केलं जातं. सिम बंद पडलं की काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

अँड्रॉइडवर आवाजाच्या फायली फोनच्या साठ्यातच असतात: अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर, आणि आत ‘व्हॉइस नोट्स’. दर आठवड्याचं वेगळं उपफोल्डर असतं. केबलने कॉम्प्युटरला जोडून ते आख्खं फोल्डर जसंच्या तसं उतरवा. फाइलच्या नावातच तारीख असते, म्हणून नावं बदलायची असतील तर दुसऱ्या प्रतीत बदला. फाइल ‘ओपस’ प्रकारची असते. मूळ तशीच ठेवायची आणि ऐकायला एमपी३ ची वेगळी प्रत करायची. चॅटमधून एकेक मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करून गोळा केलेत तर मूळ तारखा जातात आणि नंतर कुठला कधीचा ते कळत नाही. काकांनी ज्यांना मेसेज पाठवले त्यांच्याही फोनमध्ये ते असतील. त्या सगळ्यांना सांगून ठेवा, की नवा फोन घेण्याआधी कळवा.

आवाज ‘स्वच्छ’ करायच्या मोहात पडू नका. गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर मागच्या मशीनच्या आवाजाबरोबर बोलण्यातला श्वास आणि खाकरणंही खाऊन टाकतात. टर्नरच्या आवाजामागे लेथची घरघर असेल तर ती राहू द्या.

ईमेल किंवा फेसबुकच्या खात्यात मित्रांनी शिरू नये. तो निर्णय काकू आणि मुलांचा. एवढं फक्त त्यांच्या कानावर घाला, की फेसबुकचं खातं ‘स्मरणार्थ’ केलं की त्यात पुन्हा कुणालाही लॉगिन करता येत नाही, आणि गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं. काकांचे फोटो तिथं साठवले जात असतील तर ते आधी उतरवून घ्या.

तिसरी पाळी

लोक ‘देवमाणूस’ म्हणून थांबतात, कारण प्रश्नच तसा असतो. ‘कसे होते काका?’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. माणूस त्यातून आपसूक येतो.

टर्नरबद्दल विचारण्यासारखं खूप आहे. मशीनवर आल्यावर पहिलं काय करायचे, कालचे चिप्स (धातूचा कीस) काढायचे की तेल बघायचे? चकची (लेथवर तुकडा पकडून धरणाऱ्या भागाची) किल्ली कुठं ठेवायचे? (चकमध्ये विसरलेली किल्ली मशीन चालू होताच उडते आणि माणूस जखमी होतो. शिकवणारा काळजीवाहू आहे की नाही ते इथंच कळतं. काही उस्ताद तर पोराच्या हातून किल्ली खाली ठेवली गेल्याशिवाय स्विचला हात लावू देत नाहीत.) टूलला धार कोण लावायचं, आणि पोराने लावलेली धार चुकली तर ते टूल काढून घ्यायचे की त्याच्याच हातून पुन्हा घासून घ्यायचे? फिनिश बघायला नखाने चाचपायचे का? नव्या पोराला मायक्रोमीटर किती दिवसांनी हातात द्यायचे? मापन एकदा घ्यायचे की दोनदा?

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: पोराकडून जॉब (मशीनवर घडवायचा धातूचा तुकडा) बिघडला तर काका काय करायचे? बाहेरचा व्यास मोठा राहिला तर आणखी एक कट मारता येतो. एकदा तो मापाखाली गेला की धातू परत चिकटवता येत नाही, जॉब सहसा भंगारात जातो. तेव्हा फोरमनसमोर कोण उभं राहिलं, काय बोललं, दुसऱ्या दिवशी त्या पोराला पुन्हा त्याच मशीनवर उभं केलं का? मायाळूपणा बघायचा तो इथं. हा प्रश्न प्रत्येकाला विचारा, एकालाही सोडू नका.

यादी करताना फक्त बरोबरीचे आणि साहेब घेऊ नका. हेल्पर, स्टोअरमधला माणूस, तपासणी करणारा, पुढच्या पाळीला तेच मशीन घेणारा टर्नर, सगळे हवेत. पुढच्या पाळीच्या माणसाला मशीन कसं मिळायचं, पुसलेलं की चिप्सने भरलेलं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. वयाने सगळ्यात मोठे असतील त्यांच्याकडे आधी जा.

रेकॉर्डिंग फोनवर चांगलं होतं, पण फोन बोलणाऱ्यापासून २०-३० सेंटिमीटरवर, कापडाच्या घडीवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला की प्रत्येक टकटक आत येते. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. मधेच कॉल आला तर काही फोनवर रेकॉर्डिंग थांबतं आणि ते शेवटपर्यंत लक्षात येत नाही. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघा. सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि काकांशी नातं त्यांच्याच तोंडून घ्या. रेकॉर्ड करतोय आणि पुस्तिकेत घेणार आहोत, हे स्पष्ट विचारा. त्याचं ‘हो’ही रेकॉर्ड होऊ द्या. एका बैठकीला पाऊण तास पुरे, त्यानंतर म्हातारी माणसं थकतात आणि तेच तेच येतं.

गप्प राहणं शिका. माणूस बोलता बोलता थांबला की आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि खरी गोष्ट तिथंच राहून जाते. मनात दहापर्यंत मोजा.

जाताना काकांचं एखादं टूल किंवा त्या वहीच्या पानाची छापील प्रत बरोबर न्या आणि त्यांच्या हातात द्या. ‘हे माप कशाचं असेल हो?’ एवढं विचारलं की बहुतेक वेळा पुढचं काही विचारावं लागत नाही. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर निवाडा करू नका, दोन्ही त्यांच्या त्यांच्या नावाने छापा.

उजवा समास

लिहिण्याबद्दल. पहिल्या कच्च्या खर्ड्यात ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ या शब्दांखाली रेघा मारा आणि प्रत्येकापुढे लिहा: ‘म्हणजे काय करायचे?’ उत्तर सापडलं तर शब्द काढून उत्तर ठेवा. नाही सापडलं तर ते वाक्यच काढा. ‘अतिशय कष्टाळू होते’ हे कुणाच्याही वडिलांबद्दल लिहिता येतं. ‘पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी मशीन पुसून, स्लाइडवर तेलाचा हात फिरवून मगच निघायचे’ हे ज्याने पाहिलं तोच लिहील. अर्थात वाक्य तुमच्या काकांबद्दल खरं असेल तरच. शोभतं म्हणून काहीही त्यांच्या नावावर घालू नका. घरच्यांना एक वाक्य खोटं लागलं की उरलेल्या सगळ्यावरचा विश्वास जातो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने सांभाळा.

एक, ‘तुमच्यासाठी झिजले’, ‘मुलांसाठी रक्त आटवलं’ असं मुलांना उद्देशून लिहू नका. लिहिणाऱ्याला तो गौरव वाटतो, वाचणाऱ्या मुलाच्या मनावर मात्र ओझं बसतं. ज्यांचे वडील सतत कामावर असत त्यांच्या मनात अभिमानाबरोबर वडील घरी कमी मिळाल्याचं दुःखही असू शकतं. तुम्ही कामाचं वर्णन करा. ते कुणासाठी होतं ते मुलांना ठाऊक आहे.

दोन, दयाळू माणसाच्या गोष्टीत बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी अडचण दडलेली असते. कुणाला उसने पैसे दिले, कुणाची दारू सोडवली, कुणाची नोकरी वाचवली. देणारा आयुष्यभर त्याबद्दल गप्प राहिला असेल तर तुम्ही ते छापून त्याच्या गप्प राहण्यावर पाणी फिरवाल. ज्याला मदत झाली त्याने स्वतः सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हणाला, तरच घ्या. जॉब बिघडवलेल्या पोराचंही तेच. तो आज कुठं मोठ्या हुद्द्यावर असेल, त्याला विचारा. ‘एक सहकारी’ असं लिहून भागत नाही, कारण त्या शॉपमधल्या सगळ्यांना तो कोण ते लगेच कळतं.

पुस्तिकेला वेळ लागेल, म्हणून दरम्यान मित्राला आणि काकूंना प्रत्येकाने वेगळं पत्र लिहा. हाताने, दीडदोनशे शब्दांत, काकांची तुम्ही स्वतः पाहिलेली एकच गोष्ट. ‘खंबीर राहा’, ‘काळ हेच औषध’ हे नको, सल्ला कुठलाच नको. ‘काही लागलं तर सांग’ हेही टाळा. त्यामुळे मागायचं काम दुःखात असलेल्यावर पडतं. ‘शनिवारी बँकेच्या कामाला मी बरोबर येतो, नको असेल तर फक्त नको म्हण’ असं नेमकं लिहा. शेवटी ‘उत्तर द्यायची गरज नाही’ हे आवर्जून घाला. दुसरं पत्र दोनतीन महिन्यांनी पाठवा. तोवर भेटायला येणारे थांबलेले असतात.

कुणाला उभं राहून बोलायचं असेल तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा. चार मिनिटांसाठी साडेचारशे शब्दांचं लिहून आणा. अक्षर १६ ते १८ पॉइंट, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना क्रमांक घालून. मोठ्याने वाचून बघा. जिथं गळा दाटतो ते वाक्य अर्ध्यावर तोडून दोन करा आणि पुढं श्वासाची खूण घाला. एक प्रत शेजारी बसणाऱ्याकडे द्या. तुमच्याने पुढं वाचवलं नाही तर तो उठून वाचेल.

कागदकाम

चिकट अल्बममधला फोटो ओढून काढू नका. त्या पानांवरचा गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि धरूनही ठेवतो. ओढला की फोटो वाकून वरचा थर तडकतो. आधी पूर्ण पानाचा फोटो घ्या, म्हणजे क्रम आणि शेजारी लिहिलेलं हातचं राहील. मग मेण नसलेला दातांचा धागा कोपऱ्याखाली सरकवून हलक्या हाताने करवतीसारखा पुढंमागं न्या. नाही सुटला तर जबरदस्ती नको, पानासकट स्कॅन करा. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही स्कॅन करा, तारीख बहुतेक तिथंच असते.

४ × ६ इंची फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवा. २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, दुप्पट आकारात छापायलाही पुरतात. मूळ प्रत टिफमध्ये (एक फोटो साधारण २५ एमबी), वाटायला जेपेग. स्कॅनरचं आपोआप ‘सुधारणा’ करणारं बटण बंद ठेवा. ते चेहरे गोरे करतं आणि कापडाचा पोत घालवतं. फायलींची नावं वर्ष-महिना-दिवस अशी सुरू करा, मग त्या आपोआप क्रमाने लागतात. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. नुसत्या पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका.

वही धुवायची नाही, लॅमिनेट करायची नाही, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. लॅमिनेशन उलटवता येत नाही आणि चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरतो. मऊ ब्रशने धूळ झाडा. तेलाच्या पानांमध्ये आम्लरहित कागदाचे तुकडे घाला, म्हणजे डाग पुढच्या पानावर जाणार नाही. पेन्सिलीचं अक्षर पुसट असेल तर खोलीत अंधार करून दिवा एका बाजूने, अगदी आडवा धरा. दाबाने पडलेल्या खाचा सावलीत उठून दिसतात आणि न वाचता येणारं माप वाचता येतं. वहीत जुन्या पावत्या असतील तर त्यांची आधी झेरॉक्स काढा. उष्णतेने छापलेल्या पावत्या काही वर्षांत कोऱ्या होतात.

मायक्रोमीटर मिटवून ठेवू नका. दोन्ही तोंडांमध्ये मिलिमीटरभर फट असू द्या. घट्ट मिटलेल्या तोंडांमध्ये ओल अडकून गंज धरतो आणि तापमान बदललं की ताण येतो. पुसून तेलाचा पातळ हात द्या, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. टूल्सवरचा मोकळा गंज अगदी बारीक स्टील वूलने, तेल लावून काढा आणि तिथंच थांबा. चकचकीत करू नका. टूलवरच्या धारेच्या रेघा काकांच्या हातच्या आहेत, बफिंगने त्या जातील. कानशीच्या लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला असतो आणि तिथला रंग घामाने काळपट झालेला असतो. त्यावर पॉलिश नको, कोरडं फडकं बस. कुणी जवसाचं तेल लावायचा आग्रह धरला तर एवढं सांगा, की ते तेल पुसलेलं फडकं चुरगळून टाकलं तर हवेशी संयोग होऊन आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पसरून वाळवावं लागतं.

सहाण

सर्वांचे मनापासून आभार. फोनचं काम लगेच हाती घेतो. एक विचारायचं राहिलं: तयार पुस्तिका आणि आवाज मित्राला अचानक भेट म्हणून द्यावं की आधी सांगून? आणि छापखान्यात काय सांभाळावं?

तिसरी पाळी

अचानक अजिबात नको, आवाज तर मुळीच नको. पाच माणसांसमोर वडिलांचा आवाज लावला की मुलाला रडायचीही मोकळीक राहत नाही. आवाज वेगळ्या ड्राइव्हवर द्या, वर ‘यात बाबांचा आवाज आहे’ असं लिहून, आणि कधी ऐकायचा ते त्याच्यावर सोडा. काकूंसाठी एखाद्या साध्या प्लेअरवर घालून द्या. पुस्तिका छापायला जायच्या आधी बहिणीला मजकूर दाखवा. काय गाळावं हे घरचं माणूस पटकन सांगतं.

उजवा समास

मधे पिना मारून शिवायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी: २४, २८, ३२. नसेल तर शेवटी कोरी पानं येतील. ती मुद्दाम दोनचार ठेवाच, मागाहून येणाऱ्या आठवणी हाताने लिहायला. म्हाताऱ्या वाचकांसाठी अक्षर १४ पॉइंट. आतला समास २० मिलिमीटर, नाहीतर ओळींची टोकं शिवणीत जातात. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय असावेत.

मराठी मजकुराला खास धोका आहे. जुन्या फाँटवर काम करणाऱ्या छापखान्यात युनिकोड (आताच्या फोन-कॉम्प्युटरवरचा) मजकूर बदलून घेतला की ‘ऱ्या’, ‘र्‍ह’, ‘ॲ’ आणि काही जोडाक्षरं तुटतात. म्हणून फाँट आत घातलेली पीडीएफच द्या आणि त्यातूनच छापायला सांगा. कच्चं मुद्रित कागदावर मागा, पडद्यावर नको. सगळ्यात आधी नावं तपासा, मग तारखा, मग फोटोंखालच्या ओळी. काकांचं नाव प्रत्येक ठिकाणी शोधून वाचा, आणि ते सही कशी करायचे तसंच लिहा. सही वहीत सापडेल. ती ६०० डीपीआयने स्कॅन करून पहिल्या पानावर घेता येईल, काकूंना विचारून.